पौषातील घाट आणि फटफटी



पौष उजाडला, सह्याद्रीकडून निघालेले मतलई वारे पहाटेच्या वेळी खाडीच्या पात्रावरून समुद्राकडे वाहू लागले आणि कलमांच्या शेंड्यांवर मोहोराची पहिली चाहूल दिसू लागली, म्हणजे आमच्या अंजनवेलीतील वडीलधाऱ्या मंडळींच्या मुद्रेवर समाधान उमटते. कारण थंडी ही आम्हां कोकणवासीयांस संकट म्हणून कधी भेटलेलीच नाही, ती आंब्याच्या उत्पन्नाची हमी म्हणूनच ठाऊक आहे. वाशिष्ठीच्या मुखाशी, गोपाळगडाच्या तटाखाली वसलेल्या आणि पेशवाईच्या दप्तरात ज्याच्या नावाने तालुका नोंदला गेला अशा या गावी थंडीची परमावधी म्हणजे अंगणात पेटविलेली पातेऱ्याची शेकोटी आणि डोक्यावर ओढलेली कानटोपी, याहून अधिक तजवीज करण्याची पाळी सहसा कोणावर येत नाही. समुद्र दिवसा घेतलेली ऊब रात्री इतक्या सावकाशीने सोडतो, की किनाऱ्यावरचा पारा फार खाली उतरू शकत नाही. आणि म्हणूनच पाणी गोठविणाऱ्या थंडीविषयी बोलण्यास अंजनवेलीच्या माणसाने उभे राहावे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल.

परंतु मला बोलावयाचे आहे ते नेमके याच कारणास्तव. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून झळकतात; होड्यांच्या धक्क्यावर, गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि उभ्या मोटारींच्या टपांवर पसरलेला तो शुभ्र थर पाहून आमच्या गावातील तरुण मुले एखाद्या शनिवारी फटफटी काढतात, धोपाव्याच्या धक्क्यावरून दुपारच्या फेरीबोटीने दाभोळास उतरतात, दापोली आणि खेड मागे टाकून कशेडीचा घाट ओलांडतात, पोलादपुरास रात्र काढतात, आणि उजाडण्यापूर्वी तलाव गाठावयाचा म्हणून भल्या पहाटे आंबेनळीचा घाट चढू लागतात. समुद्रसपाटीपासून निघून सुमारे 1,370 मीटर उंची गाठणारा हा प्रवास एका दिवसाच्या आत एका ऋतुमानातून दुसऱ्या ऋतुमानात नेणारा आहे. ज्याचा जन्म घाटमाथ्यावर गेला, त्याच्या शरीरास थंडीची पूर्वओळख असते, केव्हा थांबावे आणि काय पांघरावे हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही; आमच्या मुलांजवळ ती ओळख नाही, तेव्हा तिची उणीव ज्ञानाने भरून काढणे एवढाच मार्ग उरतो.

यातील पहिली गोष्ट वाऱ्याची. मनुष्याच्या कातडीभोवती त्याच्याच अंगच्या उष्णतेने तापलेल्या हवेचा एक पातळ थर सदैव असतो. वारा तो थर हिरावून नेतो, शरीर पुन्हा नवा थर तापवू पाहते, आणि या अखंड खर्चात त्याची शिल्लक संपत जाते. अंटार्क्टिकावरील लिटल अमेरिका या तळावर 1941 साली सायपल आणि पॅसेल या दोघा संशोधकांनी लहानशा नळकांड्यात पाणी भरून ते उघड्या वाऱ्यात टांगले आणि गोठण्यास किती वेळ लागतो याची मोजदाद ठेवली. वाऱ्याच्या थंडीचे गणित मांडण्याची सुरुवात त्या प्रयोगापासून झाली, आणि 2001 साली अमेरिका व कॅनडा यांनी त्याचे सुधारलेले कोष्टक स्वीकारले. त्या कोष्टकाप्रमाणे हवा 10 अंश सेल्सिअस असता ताशी 60 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात उघड्या चेहऱ्यास ती सुमारे 5 अंशांसारखी भासते, आणि हवाच 5 अंशांवर असली तर तोच चेहरा शून्याच्याही दोन अंश खालची थंडी सोसत असतो. झाडाचे पान हलत नसले तरी फटफटीवर बसलेला मनुष्य स्वतःच्या वेगाने स्वतःवर वारा ओढवून घेतो. यंत्राला मात्र ही बाधा होत नाही; लोखंड कितीही वाऱ्यात धरले तरी ते भोवतालच्या हवेहून अधिक थंड होत नाही. त्यामुळे गाडी निर्धोक चालत असते आणि चालविणारा गारठत असतो, ही विसंगती ध्यानात येण्यास वेळ लागतो.

वाड्याच्या अलीकडे, म्हणजे प्रतापगडाच्या पायथ्याच्या वाडा कुंभरोशी गावाच्या रस्त्यावर, अशाच एका पहाटे मी आमच्याकडील एक तरुण चहाच्या टपरीशी येऊन थांबलेला पाहिला. उतरताना त्याने पाय जमिनीस टेकविला तो क्षणभर उशिराच. गाडी कलली, टपरीवाल्याने धावून धरली म्हणून पडली नाही. नंतर त्याने हनुवटीखालची हेल्मेटची पट्टी सोडविण्यास हात वर नेले आणि बोटे त्या चापावरून नुसती सरकत राहिली. चाप दाबण्याइतके बळ त्यांत उरले नव्हते. टपरीवाल्याने पट्टी सोडून दिली, चहाचा पेला पुढे केला, आणि तो पेला त्याने दोन्ही मनगटांच्या मध्ये धरला. मी विचारपूस केली तेव्हा शब्द जड जिभेने जुळवीत तो म्हणाला, “काका, काय नाय झालंय मला.” हे वाक्य त्याने मनापासून उच्चारले होते, आणि माझ्या काळजीचे मूळ त्यातच होते. शरीर आतील अवयवांची ऊब राखण्यासाठी प्रथम हातापायांकडील रक्तप्रवाह आवळून घेते, म्हणजे क्लच आणि ब्रेक ज्या बोटांच्या अधीन आहेत तीच बोटे सर्वांआधी निकामी होतात. पुढे आतील तापमान 37 अंशांवरून 35 अंशांच्या खाली गेले, की विचारशक्ती मंदावते, आणि मंदावलेल्या विचारशक्तीस आपण मंदावलो आहोत हे कळत नाही. हुडहुडी भरली आहे तोवर शरीर झगडत असते. गारठा कायम असता हुडहुडी अकस्मात थांबली, तर सोबत्यांनी ते सुचिन्ह न मानता तत्काळ त्या स्वारास निवाऱ्याला न्यावे. ताशी 40 किलोमीटर वेगाने एका सेकंदात अकरा मीटर अंतर कापले जाते, आणि आंबेनळीच्या कित्येक वळणांवर रस्त्याच्या कडेपासून दरीपर्यंत तेवढेही अंतर नाही, हे ज्याने तो घाट पाहिला आहे त्यास निराळे सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट त्या वाटेवर अनुभवास येते. निरभ्र, निवांत रात्री भूमी आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिच्या लगतची हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून सावकाश ओघळत सखल जागी साचते. म्हणून नदीकाठच्या खोलगट भागात गारठा झोंबतो, मध्यंतरीच्या चढणीवर एखादा उबदार पट्टा लागतो, त्यामुळे थंडी सरली असे वाटते, आणि माथ्यावर ती पुन्हा गाठते. वेण्णेकाठचे दव गोठते ते याच न्यायाने: वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चार फूट उंचीवर चार-पाच अंश दाखवीत असला, तरी गवताच्या पात्याचे तापमान शून्यावर उतरलेले असू शकते. रात्रभर उघड्यावर ठेवलेल्या गाडीच्या बैठकीवरही तसाच पापुद्रा धरतो; तो हाताने पुसून तसेच बसले तर विजार भिजते, आणि भिजलेले वस्त्र ऊब फारशी राखत नाही.

याहून उग्र थंडीचे मुलूख जगात आहेत आणि तेथेही लोक फटफटीवर बसतात. जर्मनीत 1956 पासून ऐन हिवाळ्यात मोटारसायकलस्वारांचा एक मेळावा भरत आला आहे. त्सुंडाप कंपनीच्या हिरव्या हत्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाडीवरून त्यास हत्तींचा मेळावा असे नाव मिळाले. हल्ली तो बव्हेरियाच्या अरण्यात भरतो, बर्फात तंबू ठोकून माणसे राहतात, आणि पुष्कळजण बाजूस तिसरे चाक जोडलेली गाडी आणतात, कारण बर्फावर दोन चाकांचा भरवसा नसतो. आपल्याकडे लडाखात जाणारे मराठी स्वार बहुधा उन्हाळ्यात जातात, आणि ते योग्यच आहे. द्रास-कारगिलच्या हिवाळ्यात इंजिनाचे तेल दाट होते, बॅटरीचे बळ उणे 18 अंशांस जवळजवळ निम्म्यावर येते, पेट्रोलची वाफ नीट होत नाही म्हणून जुन्या गाड्यांत चोक ओढून हवा कमी आणि पेट्रोल अधिक द्यावे लागते. मराठी जवान असल्या सरहद्दीवर पहारा देतात तो सरकारी पोशाखाच्या, शिस्तीच्या आणि वैद्यकीय देखरेखीच्या बंदोबस्तात. त्यांच्या धैर्याचा दाखला देऊन एका स्वेटरवर घाट चढणे हा त्या धैर्याचा मान नव्हे.

आता तजविजीविषयी. कोकणी घराच्या खुंटीवर थंडीचे सर्वोत्तम वस्त्र आधीच टांगलेले असते आणि कोणी त्यास हात लावीत नाही: तो म्हणजे पावसाळी रेनकोट. लोकरीतून वारा आरपार जातो. लोकरीवर रेनकोट चढविला, की आतली हवा आतच राहते. आत एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. छातीवर, सदऱ्याच्या वर आणि कोटाच्या आत, वर्तमानपत्राच्या चार घड्या ठेवण्याची जुन्या स्वारांची रीत आजही तितकीच खरी आहे. हातमोज्यांचा दुसरा, कोरडा जोड जवळ असावा. बोटे बधिर झाली असता ती तापलेल्या इंजिनास लावू नयेत; बधिर कातडीस भाजल्याचे कळत नाही. ती काखेत धरावी. आणि ऊब येते म्हणून मद्य घेणारा पूर्णतः फसतो, कारण मद्याने कातडीकडील रक्तवाहिन्या सैल होतात आणि आतली राखीव उष्णता बाहेर निघून जाते.

माझे स्पष्ट मत असे, की ज्यास गोठलेले दव पाहावयाचे आहे त्याने पहाटे घाट चढूच नये. सूर्योदयाच्या सुमारास पारा सर्वांत खाली असतो, म्हणजे आपण दिवसातील सर्वांत वाईट वेळ सर्वांत अवघड वाटेसाठी निवडीत असतो. आदल्या दुपारी, उन्हे असताना, सावकाश चढून महाबळेश्वरी मुक्काम करावा, गाडी छपराखाली लावावी, आणि सकाळी तलावापर्यंत पायी जावे. चालण्याने अंगात ऊब येते आणि त्या शुभ्र गवताकडे निवांतपणे पाहता येते. परतीचा उतार त्याहून फसवा, कारण इंजिनावर भार नसल्याने त्याची थोडीबहुत धग पायांस मिळत असते तीही मिळत नाही. तेव्हा ऊन रस्त्यावर पडून दव सुकेपर्यंत थांबावे. दाभोळची एक फेरी चुकली तर पुढची मिळते, आणि घरच्या मंडळींनीही मुलास उशीर झाला म्हणून फोनवरून घाई करू नये.