हाताची सवय मोडली की



पदवीदान समारंभात प्रमुख पाहुण्याने यशाची गुरुकिल्ली सांगायची असते. माझ्याकडे ती नाही. माझी सगळी नोकरी कारखान्यांत वेल्ड तपासण्यात गेली. त्यामुळे अणुवीज प्रकल्प बांधताना भल्याभल्या देशांच्या नाकीनऊ का येतात, एवढ्यावरच बोलतो.

नाशिकहून त्र्यंबक-जव्हारचा घाट उतरून पश्चिमेला गेलं की तारापूर लागतं. तिथले पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले, अमेरिकी तंत्रज्ञानाचे. पण आज मला चौथा संच आठवतो. ५४० मेगावॅटचा, आपल्याच आराखड्याचा. त्याचं पहिलं काँक्रीट मार्च २००० मध्ये पडलं आणि मार्च २००५ मध्ये अणुभट्टीत साखळी प्रक्रिया सुरू झाली. पाच वर्षांत काम फत्ते.

त्याच २००५ साली फिनलंडमध्ये ओल्किलुओटो इथे ईपीआर या युरोपीय नमुन्याच्या पहिल्या अणुभट्टीचं बांधकाम सुरू झालं. वायदा २००९ चा होता; नियमित वीज मिळायला २०२३ उजाडलं. सुरुवातीलाच पायाच्या स्लॅबचं काँक्रीट हवं त्यापेक्षा सच्छिद्र निघालं आणि चौकशी लागली. सिव्हिलवाल्यांनो, तुम्ही प्रयोगशाळेत कंटाळत केलेली ती स्लम्प टेस्ट आठवा! फ्रान्समध्ये फ्लामांव्हिलला तर कहरच झाला. २००७ ला सुरुवात, २०१२ चा वायदा, आणि वीज जाळ्यात आली २०२४ च्या डिसेंबरात. खर्च ३.३ अब्ज युरोंवरून १३.२ अब्जांवर गेला, तोही कंपनीच्याच हिशेबाने.

तिथे अडलं कुठे? इतर गोष्टींबरोबर वेल्डवर. वाफ वाहून नेणाऱ्या मुख्य पाइपांचे आठ जोड अणुभट्टीच्या दुहेरी भिंतीच्या मधोमध होते. ते ठरलेल्या दर्जाचे नाहीत हे कळलं तेव्हा भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि माणसाला तिथे नीट हातही घालता येत नव्हता. २०१९ मध्ये नियामकाने बजावलं, जोड दुरुस्त करा. शेवटी खास यंत्रमानव बनवून ते काम उरकावं लागलं.

फ्रेंचांना वेल्डिंग येत नव्हतं असं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्यांनी पन्नासावर अणुभट्ट्या धडाक्यात बांधल्या. मग नवं काम जवळजवळ पंधरा वर्षं निघालंच नाही. जुने वेल्डर, फोरमन निवृत्त झाले आणि त्यांच्या हाताखाली शिकायला कोणी उरलं नव्हतं. आराखडे कपाटात राहतात. हाताची सवय कपाटात राहत नाही. अमेरिकेचंही तेच. जॉर्जिया राज्यातल्या व्होगलच्या दोन नव्या संचांचा खर्च तीस अब्ज डॉलरांपलीकडे गेला, आणि शेजारच्या साउथ कॅरोलिनातले दोन संच अब्जावधी डॉलर ओतून झाल्यावर २०१७ मध्ये अर्धवट सोडून दिले.

उलट चीनने तीच ईपीआर ताइशानला नऊ वर्षांत चालू केली, कारण तिथे एक काम संपायच्या आत दुसरं सुरू होतं. कोरियाने अमिरातीत बराकाला एकाच नमुन्याचे चार संच ओळीने बांधले. २०१२ ला सुरू झालेलं काम २०२४ ला पुरं झालं. माझ्या मते या धंद्याचं निम्मं गणित या सातत्यात आहे. उरलेलं निम्मं व्याजात, कारण काम रेंगाळलं तरी कर्जाचं मीटर थांबत नाही.

आपणही फार शेखी मिरवू नये. तारापूरनंतर आपण ७०० मेगावॅटच्या नव्या नमुन्याकडे वळलो, आणि त्यातला पहिला, गुजरातेत काक्रापारचा, २०१० मध्ये बांधकाम सुरू होऊन २०२३ मध्ये व्यापारी उत्पादनाला लागला. याच नमुन्याचे दहा संच एकदम बांधायला मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये मंजुरी दिली. विचार अगदी बरोबर, चाल मात्र मंद. आणि बांधून झालं म्हणजे सगळं झालं असंही नाही. इथे सिन्नरला औष्णिक प्रकल्पाचे २७० मेगावॅटचे पाच संच उभे राहिले. वीजखरेदी करार नाही, कोळशाची रेल्वे नाही, म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिले.

आता जैतापूर. माडबनच्या सड्यावर १६५० मेगावॅटच्या सहा ईपीआर, एकूण ९९०० मेगावॅट, असा मूळ बेत होता. २०१० मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सारकोझी आले तेव्हा करार झाला, २०११ मध्ये आंदोलनावर गोळीबार झाला, एकाचा जीव गेला. आंबेवाले आणि नाटे गावचे मच्छीमार विचारतात त्या प्रश्नांना ‘विकासविरोध’ म्हणून वाटेला लावणं मला कधीच पटलं नाही. समुद्रात गरम पाणी किती अंशांनी, किती दूर जाणार, हा नेमका इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आकड्यांत द्यायला हवं. माझी स्वतःची शंका वेगळी आहे: ज्या नमुन्याने बनवणाऱ्यांनाच घाम फोडला, त्याचे सहा एकदम का? आपल्या वेल्डरांचा हात ज्यावर बसला आहे तो ७०० चा नमुना आधी भरपूर का बांधू नये?

तुमच्यापैकी बरेच जण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रुजू होतील. अणुप्रकल्पाचा एखादा फ्लँज, एखादा स्विचगिअर तुमच्या हातून जाईल. फ्लँजचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ओतीचा क्रमांक, प्लेटपासून शेवटच्या कागदापर्यंत जुळायला हवा. फ्रान्समधल्या ल क्रूझोच्या फोर्जमध्ये जुन्या कामांच्या नोंदींत फेरफार केल्याचं २०१६ मध्ये उघड झालं, तेव्हा त्यांना कित्येक वर्षांच्या फायली पुन्हा उघडाव्या लागल्या.

तुमच्याकडेही कधीतरी महिनाअखेरीला, संध्याकाळी सहाला, कोणीतरी रेडिओग्राफीची फिल्म घेऊन येईल. बाहेर ट्रक उभा असेल, ‘साहेब, किरकोळ पोरॉसिटी आहे, सही करा’ म्हणतील. फिल्म व्ह्यूअरवर लावा, डाग मोजा, कोडमधला तक्ता काढा. मर्यादेबाहेर असेल तर ‘रिपेअर’ लिहा, खाली तारीख टाका, आणि ड्रायव्हरला चहा सांगा.