सरोवराच्या तळाला पाडलेले द्वार
(भाषणाचा मजकूर)



सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात कोयना नदी अडवून निर्माण झालेल्या शिवसागर जलाशयात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी साठते. त्यातील काही पाणी बोगद्यांवाटे सह्याद्रीपलीकडे उतरून वीज निर्माण करते. उरलेले नदीवाटे कऱ्हाडला कृष्णेस मिळते आणि सांगलीकडे जाते. ताकारी व टेंभू उपसा सिंचन योजनांची भिस्तही त्यावर आहे.

१,००० मेगावॅटच्या चौथ्या टप्प्यासाठी जलाशयातून नवा बोगदा काढणे आवश्यक होते. त्याचे मुख मात्र पाण्याखाली खोल येणार होते. जलाशय रिता करावा, तर वीज थांबणार आणि शेते कोरडी पडणार. या पेचातून मार्ग काढला तो ‘लेक टॅपिंग’ म्हणजे सरोवर-छेदनाने. नॉर्वेत रूढ असलेली ही पद्धत कोयनेत १३ मार्च १९९९ रोजी यशस्वी झाली. आशिया खंडातील हा पहिलाच प्रयोग मानला जातो.

या पद्धतीत बोगदा जमिनीच्या बाजूने खोदत सरोवराच्या तळाखाली नेतात. शेवटी खडकाचा थोडा जाड पडदा तेवढा शिल्लक ठेवतात. त्याच्याखाली खोल खड्डा खणतात. पडद्यात खालून छिद्रे पाडून सुरुंग भरतात आणि बोगद्याची दारे बंद करतात. बोगद्यात काही पाणी भरून पडद्याखाली हवा कोंडून ठेवतात. सुरुंग उडताच फुटलेला खडक पाण्यासह कोसळून खड्ड्यात विसावतो. कोंडलेली हवा गादीप्रमाणे दबून आघात सोसते. त्यामुळे दारे सुरक्षित राहतात.

२५ एप्रिल २०१२ रोजी असेच दुसरे छेदन करण्यात आले. जलाशयाची पातळी उतरल्यावरही खालच्या थरातील पाणी वीजनिर्मितीस मिळावे, हा त्यामागील हेतू होता.

तथापि, द्वार खोल गेले म्हणून पाणी वाढत नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यास वार्षिक ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली, ती याच जाणिवेने. उन्हाळ्यात विजेची मागणी आणि पिकांची तहान एकाच वेळी वाढते. अशा वेळी धरणातील प्रत्येक घनफुटाचा हिशेब काटेकोर ठेवणे, हे अभियंत्यांइतकेच पाणी वापरणाऱ्या गावांचेही कर्तव्य ठरते.