बालरंगभूमीला हवी क्रमिक परीक्षा

(बालनाट्य शिबिराच्या समारोपात नाट्यशिक्षक व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समारोपाला आलेल्या पाहुण्याने कौतुकाचे चार शब्द बोलावेत आणि चहापानाकडे वळावे, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. कौतुक तर मी करणारच. गेल्या दोन तासांत या मुलांनी जे सादर केले, ते मनापासून आवडले. पण आज या सभागृहात जिल्ह्यातील इतके नाट्यशिक्षक एकत्र बसले आहेत. असा योग वारंवार येत नाही. म्हणून थोडे कामाचे बोलतो.

आधी एक जुनी, घरगुती गोष्ट. सातवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनातील ऐतिहासिक नाटिकेत मला दुसऱ्या मावळ्याचे काम मिळाले होते. वाक्य एकच, 'महाराज, गडाचा दरवाजा उघडला!' महिनाभर मी ते घरात, अंगणात, ओढ्याकाठी म्हणत होतो. प्रत्यक्ष प्रयोगात महाराजांचा प्रवेश होण्यापूर्वीच मी ते म्हणून मोकळा झालो. सभागृह खो-खो हसले. तालीम घेणारे गुरुजी मला रागावले नाहीत आणि त्यांनी काही समजावलेही नाही. पुढच्या वर्षी यादीत माझे नाव नव्हते, एवढेच. पुढे वार्ताहर म्हणून व्यावसायिक नाटकांच्या तालमी पाहू लागलो, तेव्हा माझी चूक मला कळली. मी समोरच्याचे ऐकत नव्हतो. माझे वाक्य केव्हा येते, याची वाट पाहत होतो. हे दोन वाक्यांत सांगता आले असते. बारा वर्षांच्या मुलाला ते कळलेही असते.

मित्रहो, आपली बालरंगभूमी गरीब नाही. १९५९ साली सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर'च्या वतीने रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले. मुलांचे नाटक म्हणजे मोठ्यांच्या नाटकाची धाकटी, हौशी आवृत्ती नव्हे, हे तेव्हापासून महाराष्ट्राने मान्य केले. आज उन्हाळी शिबिरे आहेत, शासनाची बालनाट्य स्पर्धा आहे, गावोगावी करंडक आहेत. परंतु या सगळ्याचा शेवट कोठे होतो? स्पर्धेत. तीस संघ उतरतात, तीन बक्षिसे निघतात. उरलेल्या सत्तावीस संघांतील मुलांना 'उत्तेजनार्थही नाही' याहून अधिक काही कळत नाही. परीक्षक निकालापूर्वी पाच मिनिटे सर्वसाधारण मार्गदर्शन करतात, 'मुलांनी मोठ्याने बोलावे' असे सांगतात आणि रात्रीची गाडी पकडतात. मी स्वतः असा परीक्षक म्हणून गेलो आहे, तेव्हा हे बोलणे मलाही लागू आहे.

स्पर्धा वाईट असे मी म्हणत नाही. तिच्यामुळे संघ बांधले जातात, गावात नाटक होते. पण स्पर्धेचे काम निवडण्याचे आहे. ज्याची निवड झाली नाही, त्याच्याशी तिला काही बोलायचे नसते. त्याच्याशी बोलणारी एखादी व्यवस्था शेजारी हवी आणि ती व्यवस्था म्हणजे क्रमिक परीक्षा. परीक्षेत एकाच्या यशासाठी दुसऱ्याचे अपयश लागत नाही. तीसही मुले उत्तीर्ण झाली, तर कोणाचे काही बिघडत नाही.

आमच्या शेजारची एक अकरा वर्षांची मुलगी. इंग्रजी माध्यमात शिकते. मागे तिने लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची नाट्याभिनयाची तिसरी श्रेणी दिली. १८७२ साली चर्चसंगीताचे शिक्षण सुधारण्यासाठी निघालेली ही संस्था. तिच्या परीक्षा आज भारतातही होतात. नाटकासाठी एक प्रारंभिक पायरी आणि तिच्यावर आठ श्रेणी आहेत. लंडनचीच 'लॅम्डा' ही नाट्यशिक्षणसंस्था १८६१ची. तिच्याही अशाच श्रेणी आहेत. परीक्षेचे स्वरूप अगदी साधे. खोलीत परीक्षक असतात. मूल आत जाते, उताऱ्याचे आणि लेखकाचे नाव सांगते आणि पाठ केलेला उतारा सादर करते. टाळ्या नाहीत, ध्वनिक्षेपक नाही. मग परीक्षक विचारतात, 'ही व्यक्ती असे का बोलते? या आधी काय घडले असेल? तू तेथे का थांबलीस?' शंभरापैकी साठ गुणांना उत्तीर्ण, पंचाहत्तरला वरची श्रेणी, पंच्याऐंशीला विशेष श्रेणी. शेवटी लेखी अभिप्राय घरी येतो.

तो अभिप्राय तिच्या आईने मला दाखवला. आवाज स्वच्छ आहे, पण वाक्याच्या अखेरीस तो खाली बसतो. पात्राचा राग चांगला दिसला, त्यामागची भीती दिसली नाही. हात बोलण्याच्या आधी हलतात. अशा चार-पाच ओळी. पन्नास वर्षांपूर्वी मला असा कागद मिळाला असता, तर मी नट झालो असतो असे नाही. पण ऐकायला लवकर शिकलो असतो.

मला खटकले ते दुसरेच. त्याच इमारतीत दोन मजले खाली राहणारा, मराठी शाळेत जाणारा मुलगा तिच्याइतकाच चुणचुणीत आहे. त्याने असा कागद कोठून आणावा? त्याला गाणे शिकायचे असेल तर वाट आहे, चित्र काढायचे असेल तर एलिमेंटरी-इंटरमिजिएटची वाट आहे. नाटकासाठी काही संस्था आपापल्या पातळीवर अभ्यासक्रम चालवतात आणि त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण गावोगावी केंद्रे असलेली, सर्वत्र एकच माप मानणारी परीक्षा मराठी बालनाट्याला लाभलेली नाही. ज्या भाषेत नाटकाचे एवढे वेड, त्या भाषेत ही उणीव असावी, याचे मला नवल वाटते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसावा अध्याय नाट्यसिद्धीविषयी आहे. तेथे 'प्राश्निक' सांगितले आहेत. प्राश्निक म्हणजे प्रयोगाची पारख करणारे. एकच सर्वज्ञ परीक्षक भरताला मान्य नव्हता. यज्ञाचा प्रसंग असेल तर याज्ञिकाने पाहावे, अभिनय नर्तकाने, छंद छंदोविदाने, पाठ्य वैयाकरणाने, शस्त्र धरण्याची ढब धनुर्धराने, वेशभूषा चित्रकाराने आणि स्वर गायकाने. दोष कोणते आणि सिद्धी कोणती याचा विचारही तेथे बारकाईने आहे. शेवटी पताका देण्याचा प्रसंगही आहे, म्हणजे स्पर्धा त्या काळीही होतीच! 'आमच्याकडे सारे पूर्वीच होते' असे म्हणून स्वस्थ बसण्यासाठी मी हे सांगत नाही. आहे म्हणून अभिमान बाळगायचा आणि वापरायचे मात्र नाही, हा आपला जुना दोष आहे. मुलाच्या कामाकडे वाचिक, आंगिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार बाजूंनी वेगवेगळे पाहता येते, एवढे सूत्र जरी आपण तेथून उचलले, तरी 'अभिनय ठीक' असा मोघम शेरा मारण्याची पाळी येणार नाही.

अलीकडचे उदाहरण विष्णू दिगंबर पलुस्करांचे. कुरुंदवाडचा हा मुलगा. फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू झालेली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकला आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९३१ साली त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही चढती शिडी आज तालुक्याच्या गावीही माहीत आहे. ज्या काळी घरंदाज माणूस मुलीला गाणे शिकवायला कचरत असे, त्या काळात अभ्यासक्रम, वर्ग आणि प्रमाणपत्र यांनी त्या विद्येला मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात सन्मानाने आणून बसवले.

त्यावर घराणेदार गवयांचा आक्षेप होता आणि तो पोकळ नव्हता. परीक्षेने गवई होत नाही, विद्या गुरूच्या सहवासातच मुरते, असे त्यांचे म्हणणे. विशारद होऊनही तंबोरा जुळवता न येणारे लोक मी पाहिले आहेत. रागाची माहिती घडाघडा सांगायची आणि आलाप मात्र वहीत लिहून पाठ केलेला! तरीही मी पलुस्करांच्या बाजूचा आहे. परीक्षेने थोर गायक किती घडवले हा हिशेब बाजूला ठेवा. तिने जाणते श्रोते घडवले आणि गावोगावच्या शिक्षकाला शिकवण्याचा एक क्रम दिला. नाटकालाही आज प्रेक्षकच हवा आहे. शिबिरातील शंभर मुलांतून नट दोन होतील; अठ्ठ्याण्णव जण तिकीट काढून नाटकाला बसणारे आहेत.

आता तुम्ही विचाराल की गाण्यात सूर आणि ताल मोजता येतात, नाटकात काय मोजणार? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की आरंभ नाट्यछटेपासून करावा. दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे यांनी, १९११ साली हा प्रकार मराठीत आणला. ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषितांवरून त्यांना तो सुचला, पण उतरला अस्सल मराठी बोलीत. रंगमंचावर बोलणारा एकच. ज्याच्याशी तो बोलतो तो दिसत नाही, ऐकू येत नाही. त्या न दिसणाऱ्या माणसाची उंची किती, तो बसला आहे की उभा, त्याने मध्येच काय म्हटले, हे सारे मुलाला मनात पाहावे लागते आणि नजरेने दाखवावे लागते. पोपटपंची करणारे मूल येथे चटकन उघडे पडते, कारण त्याची नजर भिंतीवर असते. कल्पनेने पाहणारे मूल अडखळले, तरी समोरच्याला 'तो' माणूस दिसतो. परीक्षकाला याहून सोपी कसोटी कोणती हवी? शिवाय खर्च शून्य. नेपथ्य नको, भाड्याचे कपडे नकोत, पाच मिनिटांत काम होते. नाट्यछटांच्या स्पर्धा आपण घेतोच. त्याच साहित्याला पायऱ्या लावायच्या आहेत. पहिल्या पायरीवर लहान, एकाच भावाची छटा. मग भाव पालटणारी. मग दोन विरुद्ध स्वभावांच्या दोन छटा. पुढे नाटकातील प्रवेश आणि त्यावर प्रश्नोत्तरे. सर्वांत वरच्या पायरीवर तेथल्या तेथे दिलेल्या प्रसंगावर उत्स्फूर्त सादरीकरण.

उच्चारांविषयी मात्र मी हट्टाने बोलणार आहे. पाठ्याची परीक्षा म्हटली की आपले परीक्षक 'ण' आणि 'न' मोजू लागतात. वऱ्हाडातले, मालवणातले, खानदेशातले मूल आपल्या बोलीत एखादी छटा जिवंत उभी करते आणि तिचे गुण पुणेरी कानाला खटकले म्हणून जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या मुलाने पुन्हा रंगमंचावर पाऊल ठेवले नाही. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला का आणि तो त्या पात्राचा वाटला का, हे दोनच प्रश्न परीक्षकाने विचारावेत. एखादी पायरी तर मुलाच्या स्वतःच्या बोलीसाठीच राखून ठेवावी.

नाटक ही एकट्याची कला नव्हे, हा आक्षेपही येईल. तो मान्य आहे. म्हणून मधल्या पायऱ्यांवर जोडीची आणि गटाची परीक्षा असावी. ट्रिनिटीतही ती सोय आहे. त्यात दुसऱ्याचे वाक्य चालू असताना मूल काय करते, यालाही गुण असावेत. (आमच्या दुसऱ्या मावळ्याची तेथे दांडी गुल झाली असती.)

धोके मला दिसत नाहीत असे नाही. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य आणि चित्रकला यांच्या परीक्षांना दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळू लागल्यापासून काही घरांत कलेकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलली, हे पालकांना मी सांगायला नको. नाटकाचीही परीक्षा आली, की तिचे खासगी वर्ग येतील, 'हमखास विशेष श्रेणी' असे फलक लागतील. ते सर्वस्वी टाळता येणार नाही, पण काही दारे पहिल्या दिवसापासून बंद ठेवता येतील. क्रमांक काढायचे नाहीत. केंद्रात पहिला कोण, हे कोणालाही कळू द्यायचे नाही. आठ वर्षांखालील मुलांना परीक्षा नाही, त्यांनी खेळावे. ज्याने शिकवले, त्याने आपल्याच मुलांची परीक्षा घ्यायची नाही. आणि लेखी अभिप्रायाशिवाय प्रमाणपत्र देऊच नये. प्रमाणपत्राला चौकट लागते आणि ते भिंतीवर जाते. अभिप्राय मूल पुन्हा पुन्हा काढून वाचते.

हे सारे करायला मोठी संस्था लागेल, शासनमान्यता लागेल, असे आपल्याला वाटते आणि तेथेच आपण थांबतो. पलुस्कर लाहोरला गेले तेव्हा त्यांच्या हाती कोणती मान्यता होती? एका तालुक्यात, दोन केंद्रांवर, पहिल्या दोन पायऱ्या घेऊन आरंभ करता येईल. शेजारच्या तालुक्यातील शिक्षकांनी परीक्षक म्हणून यावे, प्रवासखर्च आपण वर्गणीतून करू. माझे पाचशे रुपये आजच संयोजकांकडे देऊन ठेवतो. अभिप्राय लिहिण्याचा सराव मात्र आधी करावा लागेल. मराठीत चार ओळींत नेमके आणि न दुखावता लिहिणे आम्हा पत्रकारांनाही साधत नाही.

अध्यक्षांनी मला आताच सांगितले, की या विषयावर पुढच्या महिन्यात येथेच शिक्षकांची बैठक घेता येईल. माझी विनंती एवढीच, की येताना अभ्यासक्रमाचा कच्चा खर्डा कोणी आणला नाही तरी चालेल. पण प्रत्येकाने आपल्या शिबिरात एकदा येऊन पुन्हा न आलेल्या मुलांची नावे आठवून कागदावर लिहून आणावीत. आपण पहिल्यांदा ती यादी वाचू.