चंदीचा वेढा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मंडळाने मला दिला, याचा मला आनंद आहे आणि थोडी धास्तीही आहे. मी इतिहाससंशोधक नव्हे. बी. ए.ला इतिहास घेतला होता आणि त्यानंतर तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायली वाचल्या, एवढेच माझे भांडवल. तेव्हा माझ्या बोलण्याला मधूनमधून कार्यालयीन टिपणाचे वळण लागले, तर आपण सांभाळून घ्यावे.

माझ्या वयाच्या बहुतेकांनी लहानपणी ‘चांदोबा’ वाचलेला असेल. त्यातील चित्रांत एखादे ओसाड नगर हटकून असावयाचे. वेली चढलेले बुरूज, आकाशात घुसलेला मनोरा, शेवाळलेली पुष्करिणी, आणि त्या सर्वांतून एकटाच चालणारा एखादा राजपुत्र. नगर बहुधा कोणाच्या तरी शापाने ओस पडलेले असे. तो ‘चांदोबा’ मद्रासहून निघत असे, हे त्या वयात ठाऊक नव्हते. पुढे काही वर्षांपूर्वी बदलीने मी चेन्नईस गेलो, तेव्हा कळले की तेथून शंभर मैलांवर तसले एक नगर खरोखरीच उभे आहे. ते शापाने नव्हे, तर सात वर्षांहून अधिक चाललेल्या वेढ्याने पडले. आणि ज्या दिवशी पडले त्या दिवशी ती मराठ्यांची राजधानी होती. त्या नगराचे नाव जिंजी. आपले जुने कागद त्याला ‘चंदी’ म्हणतात.

तिंडिवनमहून तिरुवण्णामलैकडे जाताना रस्त्याच्या दोहों अंगांना अजस्र धोंडे एकावर एक रचून ठेवल्यासारख्या टेकड्या लागतात. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या, आणि त्या तिन्हींना जोडून घेणारा सुमारे तेरा किलोमीटरांचा तट. आपल्याकडचा गड म्हणजे एक डोंगर. येथे तीन गड मिळून मध्ये एक शहर सामावलेले. खाली कोठारे, पागा, तलाव, वेंकटरमणाचे मोठे देऊळ, आणि मजल्यावर मजला चढवीत शेवटी निमुळता होत गेलेला कल्याण महाल. राजगिरीचा माथा सुमारे आठशे फूट उंच. माथ्याजवळ कडा एकाएकी तुटतो आणि खाली खोल दरी उघडते. तीवर पूल टाकलेला. पूर्वी हा पूल काढून घेता येत असे आणि तो काढला की मूठभर माणसांनी माथा लढवावा.

माझ्यासमवेत वडील होते. निवृत्त शिक्षक, वय त्या वेळी अठ्ठ्याहत्तर. ते काही वर चढू शकले नाहीत. कल्याण महालाच्या पायरीवर बसून राहिले. तेथील वृद्ध वाटाड्या त्यांना मोडक्यातोडक्या हिंदीत देसिंग राजाची कथा सांगत होता. हा देसिंग म्हणजे तेजसिंह, स्वरूपसिंह बुंदेल्याचा मुलगा. औरंगजेबाने जिंजी पुढे या बुंदेल्यांकडे सोपविली होती. १७१४ मध्ये अर्काटच्या सादतुल्लाखानाशी लढताना हा तरुण राजा पडला. त्याने जेमतेम काही महिने राज्य केले. पण तमिळ लोक त्याचा पोवाडा आजही गातात. मी खाली आलो तेव्हा वडिलांनी मला एकच प्रश्न विचारला, “अरे, यातले आपले कुठले?”

मला उत्तर देता आले नाही. महाल नायक राजांचा, देऊळ त्यांचेच, मशीद सादतुल्लाखानाची, गाणे बुंदेल्याचे. देवळातले कोरीव खांब फ्रेंचांनी पाँडिचेरीस नेले असे सांगतात. आणि आपण? १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला विजापूरकरांकडून घेतला. त्या काळच्या एका जेझुइट पाद्र्याने लिहून ठेवले आहे की, महाराजांनी जिंजीच्या तटबंदीवर आपले सारे बळ खर्ची घातले. रायगडापासून इतक्या दूर हा खटाटोप कशासाठी, असे त्या वेळी कित्येकांस वाटले असेल. बारा वर्षांनी त्याचे कारण कळले. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड झुल्फिकारखानाने घेतला, येसूबाई आणि बाळ शाहू कैद झाले. एकोणीस वर्षांचे राजाराम महाराज पन्हाळ्याहून वेषांतर करून निघाले आणि नोव्हेंबरात चंदीस पोहोचले. रायगड घेणारा तोच झुल्फिकारखान सप्टेंबर १६९० मध्ये त्यांच्या मागोमाग तेथे येऊन ठेपला.

वेढा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मुंगीलाही वाट नसलेले कडे येते. चंदीचा वेढा तसा नव्हता. इतक्या मोठ्या परिघाला पुरेल एवढी फौज खानापाशी नव्हती. आतले लोक बाहेर जात, बाहेरचे धान्य आत येई. १६९२ च्या अखेरीस संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव चालून आले, दोन मोगल सरदार त्यांनी धरले, आणि वेढा घालणाऱ्यांनाच वेढा पडला. त्यातच औरंगजेब मेल्याची आवई उठली. शहाजादा कामबक्ष राजारामांशी गुप्तपणे बोलणी करू लागला, म्हणून त्याच्याच सेनापतींनी त्याला कैद केले. अखेर खान वेढा उठवून वांदिवाशला निघून गेला. पुढे तो परत आला, पण घाई नसलेल्या माणसासारखा.

या प्रसंगाचा एक साक्षीदार मला फार जवळचा वाटतो. भीमसेन सक्सेना हा बऱ्हाणपूरचा कायस्थ. दलपतराव बुंदेल्याच्या पदरी कारकुनी करीत तो या मोहिमेत होता. त्याने फारसीत आपल्या आठवणी लिहिल्या. त्याचे म्हणणे असे की, मनात आणले असते तर झुल्फिकारखानाला चंदी पहिल्याच दिवशी घेता आली असती. पण मोहीम लांबविणे ही सेनापतींची रीतच आहे. काम संपले की मंजुरी संपते, हे तत्त्व सतराव्या शतकातही ठाऊक होते, हे वाचून मला परकेपणा वाटला नाही. (हे वाक्य माझ्या कार्यालयात कोणी सांगू नये.)

वेढ्याच्या आत पैसा नव्हता. समुद्रकाठचा देवनापट्टणमचा किल्ला राजारामांनी १६९० मध्ये इंग्रज कंपनीस विकला. तोच पुढे फोर्ट सेंट डेव्हिड. किल्ल्याभोवतीची जमीन किती द्यावयाची, तर तोफेचा गोळा जाईल तेवढी, असा करार होता. इंग्रजांनी अर्थातच लांब पल्ल्याची तोफ आणली.

शेवटी बादशहा अधिक थांबेना. १६९७ च्या अखेरीस राजाराम महाराज निसटले आणि वेल्लोरमार्गे विशाळगडास पोहोचले. त्यासाठी खंडो बल्लाळांनी मोगलांकडे असलेल्या शिर्क्यांची मनधरणी केली आणि आपले वतन त्यांना सोडून दिले, अशी परंपरा आहे. १६९८ च्या प्रारंभी किल्ला पडला. मागे राहिलेली राजकुटुंबातील माणसे शत्रूच्या हाती सापडली. विजयाच्या कथेत आपण हा भाग घाईने उरकतो, तसे करू नये असे मला वाटते. महाराज सुटले, म्हणून राज्य टिकले. पण त्यासाठी कोणीतरी मागे राहिले होते. आणि जे निघून गेले त्यांच्यावर तेथील लोकांनी गाणे रचले नाही. देसिंग तेथे मेला, म्हणून तो त्यांचा झाला. तोही परमुलखातलाच होता, हे आपण दिल्लीकरांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला दिल्लीस परतल्यावर मिळाले, आणि तेही कागदात. चंदीहून राजाराम महाराजांनी वतनांच्या सनदा मोठ्या संख्येने दिल्या. शिवाजी महाराज या बाबतीत हात आखडता घेत. राजारामांना ते परवडणारे नव्हते, कारण औरंगजेब तेच आमिष आपल्या देशमुखांना दाखवीत होता. याची किंमत मराठी राज्याने पुढे शंभर वर्षे मोजली, हे माझे स्पष्ट मत आहे. तरीही त्या सनदांतला १६९१ चा एक कागद वाचताना मी खुर्चीवरून उठलो. हणमंतराव घोरपड्यांना सहा लाख होन देण्याचे ते वचन आहे, पण हप्त्यांनी. रायगडचा मुलूख घेतल्यावर एक, विजापूर घेतल्यावर एक, मग भागानगर, मग औरंगाबाद. उरलेली आणि सर्वांत मोठी रक्कम केव्हा? दिल्ली घेतल्यावर!

ज्याच्या हाती स्वतःचा रायगड नव्हता, ज्याच्या दाराशी मोगलांच्या तोफा होत्या, अशा एकवीस वर्षांच्या राजाच्या कचेरीत बसून कोण्या कारकुनाने हा शब्द लिहिला. खजिन्यात काही नव्हतेच, तेव्हा वचन देण्यात कंजुषी कशाला, असेही कोणी म्हणेल. म्हणोत. रायगड आणि चंदी दोन्ही घेणारा झुल्फिकारखान १७१३ मध्ये याच दिल्लीत नव्या बादशहाच्या हुकुमाने गळा आवळून मारला गेला. येसूबाईंच्या कैदेची अखेरची वर्षे याच दिल्लीत गेली. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना येथून सोडवून नेले. आणि शतक संपता संपता महादजी शिंद्यांची फौज लाल किल्ल्यात होती. १८०३ मध्ये पटपडगंजच्या लढाईत ते सारे गेले. आज त्याच पटपडगंजात आपल्यापैकी कित्येकांची घरे आहेत.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा जिंजी. त्या संध्याकाळी मी वडिलांना पुण्यास दूरध्वनी केला. आता त्यांना ऐकू कमी येते. घोरपड्यांचा तो कागद मी त्यांना मोठ्याने, सावकाश, हप्त्याहप्त्याने समजावून सांगितला. दिल्लीचा शब्द आला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “आणि तो शेवटचा हप्ता? तो कोणी फेडला का रे?”

मी त्यांना सांगितले, की तो कागद अजून शोधतो आहे.