वडिलांची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर

आमच्या साताऱ्याच्या घरासमोर ताडपत्रीखाली झाकलेली एक गाडी असायची. वडिलांची प्रीमियर पद्मिनी. अकरा वर्षं बंद होती, गेल्या महिन्यात चालू झाली. आज तिच्याबद्दलच बोलतो.

ही मूळची इटलीची फियाट 1100. आपल्याकडे ती प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. प्रीमियर 1944 मध्ये काढली वालचंद हिराचंद यांनी. सांगलीकरांना हे नाव नवीन नाही, विश्रामबागचं इंजिनिअरिंग कॉलेज त्यांच्याच नावाचं! जुन्या गोलमटोल मॉडेलला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. पद्मिनी हे नाव आलं 1974 मध्ये.

इंजिन 1089 सीसी. गियरचा दांडा स्टिअरिंगला, पुढची सीट सलग. म्हणून पुढे तिघं बसायचे, मधे मी. दुखणं एकच, पेट्रोल पंप इंजिनला चिकटून. उन्हाळ्यात खंबाटकी चढताना पंप तापायचा, आत पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद. मग वडील पंपावर ओला फडका ठेवायचे, आम्ही कलिंगड खात बसायचो.

तर गाडी टोचन करून सांगलीला नेली, एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे. मी म्हटलं, "मिस्त्री, मारुतीचं इंजिन टाकू. कटकट नको." खरं सांगायचं तर पैशाचीही भीती होती.

ते म्हणाले, "टाकतो की. पण बॉनेट उघडल्यावर वडलांची गाडी कुठं दिसनार ओ?"

मी गप्प. फियाटनं 2007 मध्ये जुन्या 500 चा चेहरा नव्या गाडीवर चढवून ती परत आणली. मी नेमकं उलटं करायला निघालो होतो.

शेवटी जुनंच इंजिन उघडलं. पिस्टन, रिंगा बदलल्या, कार्बोरेटर साफ केला. पार्ट जमवण्यातच चार महिने गेले. एक बदल मात्र केला, इलेक्ट्रिक पेट्रोल पंप मागे टाकीजवळ बसवला. जुना पंप डिकीत ठेवलाय.

मुंबईची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली. आमची त्या दिवशी आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, कराड करत साताऱ्यात आली. आई पुढे बसली. उतरताना म्हणाली, "काच अजून अर्ध्यातच अडकते बघ."