भरल्या पोटी वजन उतरवताना



वजन उतरवायचं म्हणजे खाणं कमी करायचं, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की ते तपासून बघावं असं कुणाला वाटतच नाही. माझ्यासमोर सल्ल्यासाठी येऊन बसणारी बहुतेक माणसं कमी खाऊन दमलेली असतात. दोन पोळ्यांची एक केलेली असते, रात्रीचं जेवण सोडून कपभर दुधावर भागवलेलं असतं. पहिल्या महिन्यात वजनाचा काटा थोडा खालीही आलेला असतो. मग एखाद्या संध्याकाळी चिवड्याचा डबा उघडला जातो आणि तो संपेपर्यंत हात थांबत नाही. त्याबद्दल सांगताना ही माणसं मान खाली घालतात. म्हणतात, "माझ्यात मनोनिग्रहच नाही." मला आज या वाक्याच्या विरोधात बोलायचं आहे. त्या संध्याकाळी जे घडतं ते भुकेमुळे घडतं, आणि भुकेला शरण गेलेल्या माणसाला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

१९४४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी एक प्रयोग सुरू केला. महायुद्धात युरोप उपाशी होता. उपासमारीतून बाहेर आलेल्या माणसांना पुन्हा कसं जेवू घालावं, हे त्यांना शोधायचं होतं. लष्करात जायला तत्त्व म्हणून नकार दिलेले ३६ निरोगी तरुण स्वतःहून पुढे आले. सहा महिने त्यांना दिवसाला सुमारे १६०० कॅलरी मिळाल्या आणि आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालावं लागलं. त्यांचं वजन जवळपास चतुर्थांशानं घटलं. पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. ही मुलं दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवली. ताट चाटूनपुसून खाऊ लागली, चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली. निर्बंध उठल्यावर कितीतरी दिवस त्यांची भूक भागेना. युद्धाला नकार देण्याइतका खंबीर निश्चय असलेली ही माणसं होती. आज आपल्याकडे १२०० कॅलरींचे आहारतक्ते हातोहात फिरतात आणि ते पाळता आले नाहीत की आपण स्वतःच्या स्वभावाला बोल लावतो.

मग पोट भरलं, हे शरीराला कळतं कसं? जठराच्या भिंती ताणल्या की तिथल्या मज्जातंतूंकडून मेंदूला निरोप जातो. ही झाली पहिली खूण. अन्न पुढे आतड्यात उतरलं की तिथून काही संप्रेरकं स्रवतात. सध्या वजन उतरवण्याच्या ज्या इंजेक्शनांची एवढी चर्चा आहे, ती यांपैकीच जीएलपी-१ नावाच्या संप्रेरकाची नक्कल करतात. जेवणात प्रथिनं पुरेशी असली की ही दुसरी खूण चांगली उमटते. पहिली खूण अन्नाच्या आकारमानावर चालते. जठर कॅलरी मोजत नाही, जागा मोजतं. माझं आजचं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

१९९५ साली सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ घेतले आणि प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाढा केला. तो खाल्ल्यावर दोन तास, दर पंधरा मिनिटांनी, माणसांना विचारलं: पोट किती भरल्यासारखं वाटतंय? पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. क्रोसाँ नावाच्या लोण्यानं भरलेल्या पावाला ४७ मिळाले, केकला ६५. संत्र्याला २०२, सफरचंदाला १९७, माशाला २२५. आणि सगळ्यांच्या वर कोण होतं? उकडलेला बटाटा! त्याला ३२३ गुण मिळाले. वजन कमी करायचं म्हटलं की आपण सर्वांत आधी ज्याला घराबाहेर काढतो, तोच. त्याच बटाट्याचे चकत्या कापून तळलेले वेफर्स मात्र ९१ वर, म्हणजे पावाच्याही खाली. २४० कॅलरींसाठी उकडलेला बटाटा पावणेतीनशे ग्रॅम खावा लागतो, वेफर्स जेमतेम ४५ ग्रॅम. बटाट्यातलं पाणी उडून जातं आणि तिथे तेल येतं. मधुमेह असलेल्यांनी बटाट्याचं प्रमाण सांभाळायला हवं, हे खरंच आहे. पण त्याच्या माथी मारलेला दोष बराचसा कढईचा आहे.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक प्रयोग सांगतो, कारण तो थेट आपल्या आमटीपर्यंत येऊन पोचतो. पेनसिल्व्हानियात बार्बरा रोल्स यांनी १९९९ मध्ये काही स्त्रियांना दुपारच्या जेवणाआधी चिकन-भाताचा एक पदार्थ दिला. एके दिवशी नुसता, एके दिवशी सोबत पेलाभर पाणी, आणि एके दिवशी तेच पाणी त्याच पदार्थात घालून केलेलं सूप. तिन्ही वेळा कॅलरी सारख्याच. पाणी वेगळं प्यायल्यानं पुढच्या जेवणात काही फरक पडला नाही. सूपच्या दिवशी मात्र त्या सुमारे १०० कॅलरी कमी जेवल्या, आणि रात्री ती कसर भरून काढली असंही झालं नाही. नुसतं पाणी जठरातून भराभर पुढे सरकतं. अन्नात मुरलेलं पाणी तिथे थांबतं.

आता आपलं जुनं ताट आठवा. मुगाचं कढण, हुलग्याचं माडगं, चाकवताची किंवा अळूची पातळ भाजी, ताकाची कढी, दुधीची डाळ घालून केलेली रसभाजी, काकडीची कोशिंबीर. हे सगळे अन्नात पाणी मुरवलेले पदार्थ आहेत. ताटाची डावी बाजू आज आपण जवळजवळ पुसून टाकली आहे. तिथे चमचाभर लोणचं उरलंय. माझी पहिली सूचना अगदी साधी आहे: कोशिंबीर वाटीभर करा आणि जेवणाच्या सुरुवातीला खा. काकडी, मुळा, गाजर, टोमॅटो, कोबी, जे स्वस्त मिळेल ते.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. दुधीभोपळा एक किलो घेतला तर त्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. एक मोठा चमचा तेल, म्हणजे पंधरा मिलिलिटर, त्यातही साधारण तेवढ्याच. भाजी आपण "हलकी" म्हणून खातो आणि फोडणीत पळीनं तेल ओततो. दाण्याचं कूट, ओलं खोबरं, तीळ हे पदार्थ गुणी आहेत, ते काढून टाका असं मी कधीच म्हणणार नाही. तेलही हवं. पालेभाजीतल्या केशरी-पिवळ्या रंगद्रव्याला, ज्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनतं, अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतोच. पण हात सैल सोडला तर किलोभर भाजीचा सगळा फायदा एका पळीत जातो. तेलाच्या बरणीत पळीऐवजी चमचा ठेवा. फोडणीत घातलेली भाजी झाकण ठेवून वाफेवर शिजवली तर कमी तेलातही खमंग होते, हे इथल्या अनेकींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

भाकरी की पोळी, हा प्रश्न चिठ्ठीवर येणार याची मला खात्री आहे, म्हणून आधीच उत्तर देतो. ज्वारीत तंतू शंभर ग्रॅममागे दहा ग्रॅमच्या आसपास, बाजरीत आणि कोंड्यासकटच्या गव्हाच्या पिठात अकराच्या आसपास. कॅलरीतही मोठा फरक नाही. तेव्हा भाकरीत जादू आहे असं समजू नका. भाकरीला तेलाचं मोहन लागत नाही, ती नीट चावावी लागते आणि तिच्यासोबत कालवण किंवा भाजी भरपूर लागते, हे तिचे खरे फायदे आहेत. पॉलिश केलेल्या तांदळात मात्र तंतू तीन ग्रॅमही नसतात. भात सोडायची गरज नाही, वाटीभर भातावर दोन वाट्या घट्ट वरण घ्या.

घट्ट हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या शाकाहारी जेवणाचं दुखणं प्रथिनांत आहे. वजन ६० किलो असेल तर दिवसाला निदान ५० ग्रॅम प्रथिनं हवीत. कच्च्या डाळीत आणि कडधान्यांत शंभर ग्रॅममागे वीस-बावीस ग्रॅम असतात. पण चार माणसांत मूठभर तूर शिजवून त्यात तांब्याभर पाणी ओतलं की प्रत्येकाच्या वाट्याला डाळ ती कितीशी येते? माणशी तीस ग्रॅम कच्ची डाळ किंवा कडधान्य धरा, दोन्ही वेळा. मटकी, मूग, चवळी, कुळीथ, मसूर, वाल: जगात फार थोड्या लोकांच्या स्वयंपाकघरात एवढी विविधता आहे. पोट फुगतं अशी तक्रार असेल तर भिजवलेलं पाणी फेकून द्या, मोड येऊ द्या, मऊ शिजवा, आणि पहिले काही दिवस अर्धीच वाटी घ्या. अंडं खात असाल तर एका अंड्यात सहा ग्रॅम, आणि कोकणातल्या लोकांना तर बांगड्याच्या रूपानं शंभर ग्रॅममागे वीसेक ग्रॅम प्रथिनं दारात मिळतात. फक्त तो तव्यावर तेलात पोहू नये.

प्रथिनांचा आग्रह मी पोट भरण्यापुरता धरत नाही. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा लेख आला होता. त्यासोबत दोन डॉक्टरांचं छायाचित्र होतं, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी एकच, २२.३. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के. दिसायला बारीक, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, ही आपली भारतीय ठेवण याज्ञिकांनी वर्षानुवर्षं अभ्यासली आहे. अशा शरीरानं नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं तर आधीच तुटपुंजे असलेले स्नायू आणखी झिजतात. काट्यावर पाच किलो कमी दिसतात आणि जिना चढताना दम लागतो. असलं वजन उतरलं काय आणि न उतरलं काय!

उपवासाबद्दल थोडं बोलतो. श्रद्धेचा विषय आहे आणि मला तिचा आदर आहे. पण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात तंतू आणि प्रथिनं नावापुरती. तुपात परतलेली त्याची खिचडी खाऊन दोन तासांत पुन्हा भूक लागते. उपवासाला चालणाऱ्या पदार्थांतच राजगिरा आहे, भगर आहे, दही-ताक आहे, उकडलेलं रताळं आहे, काकडी आहे, फळं आहेत. राजगिऱ्याची भाकरी आणि दह्यातली काकडी खाल्ली तर उपवासही घडतो आणि पोटही भरलेलं राहतं.

पाकिटातल्या खाण्याबद्दल एकच प्रयोग सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया झालेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्हींत समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू, प्रथिनं सारखी. हवं तेवढं खा, असं सांगितलं होतं. पाकिटबंद आहारावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि ९०० ग्रॅम वाढली. साध्या आहारावर तेवढीच उतरली. २०१९ चा हा निष्कर्ष आहे. कुणालाही उपाशी ठेवलं नव्हतं. माणसं दोन्हीकडे पोटभरच जेवत होती.

ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, जे इन्सुलिन घेतात, ज्या गरोदर आहेत, त्यांनी आज ऐकलेलं आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अमलात आणू नये.

आणि आता मला जे मनापासून बोलायचं आहे ते. ही सगळी चर्चा ताटाची झाली, पण घरात सगळ्यांची ताटं सारखी नसतात. अजूनही असंख्य घरांत बाई शेवटी जेवते. तोवर कोशिंबीर संपलेली असते, उसळीचा रस्सा तळाला असतो, भाजी कुणीतरी पुसून घेतलेली असते. उरतो तो भात आणि शिळी पोळी. ती चहात बुडवून किंवा लोणच्याशी लावून खाल्ली जाते, कारण अन्न टाकायचं नाही. संध्याकाळी पुन्हा कडकडून भूक, पुन्हा चहा आणि बिस्किटं. चाळिशीनंतर हिचं वजन वाढतं आणि घरातलेच लोक म्हणतात, ही खाते तरी काय एवढं! ती पोट भरणारं काही खातच नाही, म्हणून तिचं वजन वाढतं. तिला माझ्यासारख्यांनी "थोडं कमी खा" असं सांगणं ही क्रूरता आहे.

तिची भाजी आधी काढून ठेवा, किंवा सरळ सगळे एकदम जेवायला बसा. भाज्या आणि फळं मिळून माणशी रोज अर्धा किलो खावीत, असं भारताच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका सांगते. चार माणसांच्या घरात ती दोन किलो होतात. दोन किलोतली मेथी निवडायची, गवार मोडायची, कोबी चिरायचा, काकडी चोचवायची, हे काम सकाळच्या घाईत एकटीनं होण्यासारखं नाही. वजन घरातल्या कुणाचंही उतरवायचं असो, विळी किंवा सुरी घेऊन दुसरं माणूस बसावं लागेल. इथे बसलेल्या पुरुषांना आणि कॉलेजातल्या मुलामुलींना मी हे सांगतो आहे. रात्री बातम्या बघता बघता शेंगा मोडून होतात. मटकी भिजत घालायला दोन मिनिटं पुरतात, दुसऱ्या दिवशी सकाळी ती फडक्यात बांधायला आणखी दोन. आज घरी गेल्यावर घालता येईल.