औषधामागचे पाणी, हवा आणि वाफ

जालना जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात टोचले जाणारे इंजेक्शन निर्धोक ठरते, ते कारखान्यातील पाणी, हवा व वाफ यांच्या नित्य तपासणीमुळे. शुद्ध केलेले पाणीही नळात साचून राहिल्यास त्यात जंतू वाढतात. म्हणून ते गरम व फिरते ठेवतात. १२१ अंश सेल्सिअसची वाफ किमान १५ मिनिटे मिळाली, याची नोंद होते. तपासणीतील ढिलाई प्राणघातक ठरते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर नळाच्या पाण्यातील क्लोरीन रोज पाहावा लागतो. कारखान्याचाही नियम तोच. न तपासता नोंदवहीत केलेली सही कोणाचेही रक्षण करीत नाही.